पाणीपुरीवाल्याची माफी कोण मागणार?

आमच्या सोसायटीत महिनाभरात नऊ जणांना कावीळ झाली. पहिल्या दोघांनंतरच व्हॉट्सॲप ग्रुपवर निकाल लागला: गेटबाहेरचा पाणीपुरीवाला! वॉचमनने त्याची गाडी हटवली. त्या मेसेजला मीही अंगठा दिला होता, हे आधी कबूल करतो.

नवव्या पेशंट निघाल्या शेजारच्या आजी. वर्षभरात त्या जिना उतरलेल्या नाहीत.

रिपोर्टमध्ये हिपॅटायटिस ई: मैला मिसळलेल्या पाण्यातून पसरणारा, कावीळ करणारा विषाणू. हा विषाणू पोटात गेल्यावर डोळे पिवळे व्हायला दोन ते दहा आठवडे लागतात, बहुतेकदा पाच-सहा. म्हणजे परवाची पाणीपुरी नव्हे, जूनमधलं पाणी. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पार्किंगमधलं ड्रेनेजचं चेंबर तुंबून दोन दिवस वाहत होतं. शेजारीच पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी. आपण फिनेल ओतलं आणि विसरलो.

कमिटी म्हणते, पाण्याचा रिपोर्ट क्लीअर आलाय. अहो, तो आत्ताच्या पाण्याचा! शिवाय त्यात जिवाणू बघतात, विषाणू नाही. १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत यमुनेनं पात्र बदललं, नजफगढ नाल्याचं सांडपाणी वझीराबादला शहराचं पिण्याचं पाणी उचलतात तिथे आलं. क्लोरीन वाढवलं, जिवाणूंमुळे होणारा टायफॉइड वाढला नाही, सगळे निर्धास्त. डिसेंबर-जानेवारीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती नेहमीची हिपॅटायटिस ए प्रकारची नव्हती, हे तर जपून ठेवलेले रक्ताचे नमुने १९८० च्या सुमारास तपासल्यावर कळलं.

म्हणून रोज नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करा म्हणतोय. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिन, त्या द्रावणाचे दोन थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. अर्थात दिल्लीनं दाखवलंच की टाकीत मैला शिरत असेल तर नुसत्या क्लोरीनवर भागत नाही. तोवर पाणी उकळूनच प्या.

बहुतेकांची कावीळ आपोआप उतरते, त्यामुळे माळा घालणाऱ्यांचं आणि हातावर चुना चोळून 'कावीळ उतरवणाऱ्यांचं' फावतं. पण सी विंगमध्ये एका ताईंना आठवा महिना आहे. शेवटच्या तीन महिन्यांत ई झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. त्यांना माहेरी जायला सांगितलं तर म्हणे, 'उगाच घाबरवू नका.'

रविवारी मीटिंग आहे. पहिला विषय गणपतीची वर्गणी. टाकी सहाव्या नंबरला, 'इतर'मध्ये.