मला कुणाची प्रेरणा व्हायचं नाहीये

सकाळपासून तीन जणींनी तो व्हिडिओ पाठवला. चौथ्यांदा आमच्या पतसंस्थेच्या ग्रुपवर आला, तेव्हा मात्र डोकं फिरलं. म्हणून लिहितेय. मोठं होणार आहे, वेळ असेल तरच वाचा.

व्हिडिओत मी आहे. अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर, दुसऱ्या वळणाच्या कठड्याला हात टेकून धापा टाकतेय. पंजाबी ड्रेस, ओढणीची कमरेला गाठ, पायात लेकाचे जुने बूट. आधी पाठीमागून घेतलंय (पाठीमागून! का ते तुम्हाला कळतंय), मग बाजूनं. खाली ढोलताशा वाजतोय आणि वर अक्षरं येतात, 'या काकू रोज न चुकता करू शकतात, तर तुम्ही का नाही?'

विचारलं नाही, सांगितलं नाही. मला वाटलं मागे मोबाईल धरून उभं असलेलं पोरगं सूर्योदयाचा फोटो काढतंय.

त्यातल्या 'तर' या शब्दाचा मला सगळ्यात जास्त राग आलाय. 'काकू करू शकतात, तर.' त्या एवढ्याशा 'तर'मध्ये सगळं आलं. इतक्या जाड असून, या वयात, त्या अवतारात. सडसडीत मुलगी त्याच कठड्यापाशी दमून उभी असती तर तिच्या खाली 'तर' लिहिलं असतं का? तिला नुसतं दमू दिलं असतं. जाड बाईला साधं दमायचीसुद्धा सोय नाही, ती दमली की लगेच कुणाची तरी प्रेरणा होते.

आणि तो कठडा. त्या पोराला काय माहीत, पण तो कठडा माझा आहे.

चौदा महिन्यांपूर्वीची गोष्ट. वजन ८३. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट ६.१ आला होता. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, असं डॉक्टर म्हणाले. आपल्याकडच्या बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी, असंही म्हणाले आणि टेप लावून माझी मोजली. आकडा सांगत नाही. आठ तास काउंटरमागे बसून लोकांचे पैसे मोजायचे, संध्याकाळी उभ्यानं स्वयंपाक करायचा, रात्री उरलेलं वाया नको म्हणून आपण संपवायचं. तुम्हा सगळ्यांना हे माहीत आहे, सगळ्यांचं तेच चाललंय.

तर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, चल माझ्यासंगं. वहिनी साठीच्या, माची पेठेत जन्म गेलेला, किल्ला म्हणजे त्यांचं परसदार. पहिल्या दिवशी अदालत वाड्याच्या बाजूनं वर निघालो आणि दुसऱ्या वळणाला माझं संपलं. छातीचा भाता झाला, डोळ्यांपुढे काजवे. त्या कठड्यावर बसले आणि काय झालं कोण जाणे, रडायलाच आलं. नुसतं पाणी नाही, हुंदके. वरून येणारे लोक बघत होते.

वहिनी शेजारी टेकल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. समोर सातारा पसरला होता, तिकडे बघत म्हणाल्या, "काल गवार काय भावानं आणलीस गं?"

मी नाक पुसत सांगितलं. मग त्या म्हणाल्या, लुबाडलं तुला, मंडईत आतल्या बाजूला बसते त्या म्हातारीकडून घेत जा, कोवळी असती. मग गवारीत कूट घालावं की नाही यावर दहा मिनिटं बोललो. मग खाली उतरलो. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वीसला मिस्ड कॉल आला.

याच्या आधी मी सगळं करून बसले होते. एका जानेवारीत जिमचे वर्षाचे पैसे एकदम भरले आणि अकरा दिवस गेले. अकरा. तिथला पोरगा 'कम ऑन मॅडम, दम दाखवा' असं ओरडायचा आणि चारी बाजूंनी आरसे. जिमनं खूप जणांचं भलं झालंय, मान्य, माझ्या भाच्याचंही झालंय. माझं नाही झालं.

मग तो भात-चपाती बंदवाला प्रकार. आठवड्यात अडीच किलो उतरलं! मी सगळ्यांना सांगत सुटले. पुढच्या तीन आठवड्यांत एक ग्रॅम हलेना, आणि एका बारशाला दोन वाट्या भात खाल्ला तर दोन दिवसांत दीड किलो परत. वाटलं आपल्यातच खोट आहे. नंतर डॉक्टरांनी समजावलं की शरीर थोडी साखर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं तोडलं की आधी हा साठा जातो आणि त्याच्याबरोबर पाणी जातं. काट्यावर नाचायला लागतो आपण, आणि चरबी जागच्या जागी बसलेली असते. हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर ते तीन आठवडे मी स्वतःला शिव्या घालण्यात घालवले नसते. पण हे कुणी सांगत नाही. 'इच्छाशक्ती हवी' हे सगळे सांगतात.

मी कॅशियर आहे, मला हिशोब कळतो. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. तासाभराच्या चढउतारात माझ्या तीनशे-साडेतीनशे जात असतील. म्हणजे बाकी काही न बदलता नुसत्या किल्ल्यानं एक किलो जायला बावीस ते सव्वीस फेऱ्या. आणि वाटेत मोती चौकात कंदी पेढ्याच्या दुकानापाशी थांबलं की त्यातल्या दोन फेऱ्या वजा. इतकं सावकाश चाललेल्या कामात 'जोश' काय कामाचा? जोश म्हणजे सुतळी बॉम्ब, हे काम म्हणजे समई.

(कुकर झाला. बंद करून आले.)

आणि ते फॉरवर्ड! ललिता बाबरचा फोटो मला किमान पन्नास वेळा आला असेल. आपल्या माणमधल्या मोहीची पोर, २०१६ ला रिओमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, माझा ऊर भरून येतो तिचं नाव घेतलं की. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आणलं, ते कराडजवळच्या गोळेश्वरचे, हेही मला तोंडपाठ आहे. पण त्यांचा आणि माझ्या कमरेचा संबंध काय? ती माणसं ऑलिंपिकला गेली. मला जिना चढून गच्चीवर पापड वाळत घालायचे आहेत. इथं २०१२ पासून हिल मॅरेथॉन होते, यवतेश्वरचा घाट पळत चढणारी माणसं बघायला मीही रस्त्याकडेला उभी राहते, टाळ्या वाजवते. टाळ्या वाजवून घरी येते आणि शिरा करते.

दहा हजार पावलांचंही तेच. आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या मनगटावर ती घड्याळं आहेत, रात्री साडेदहाला हॉलमध्ये फेऱ्या मारून आकडा पुरा करतात. तो आकडा आला कुठून माहितीये? जपानमध्ये १९६५ च्या सुमारास पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच 'दहा हजार पावलं' होती. विक्रीसाठी गोल आकडा, झालं. चालणं चांगलंच, त्याबद्दल वाद नाही. पण आठ हजार झाले म्हणून रडवेलं होऊन झोपणाऱ्या बाया बघितल्यात मी.

असो. राग थोडा उतरलाय. पुन्हा कठड्याकडे येते.

वहिनींनी चौदा महिन्यांत एकदाही 'बारीक झालीस गं' म्हटलेलं नाही. एकदाही! मी ८३ वरून ७४ वर आले, ड्रेस सैल झाले, त्यांना दिसत नसेल? चांगलं दिसतं त्यांना, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय दोन्ही डोळ्यांचं. पण बोलायच्या त्या गवारीवर, मुलीच्या सासूवर, नळाच्या पाण्यावर, मंगळाईच्या देवळात कुणी नवी साडी नेसवली त्यावर. त्यामुळे ज्या दिवशी मी दुसऱ्या वळणाऐवजी थेट दरवाज्यापर्यंत न थांबता गेले, त्या दिवशीसुद्धा काही समारंभ झाला नाही. आणि ज्या दिवशी पुन्हा दुसऱ्या वळणाला बसले, त्या दिवशीही नाही झाला. तेव्हा कळलं नाही, आता कळतंय, की मी टिकले ती त्यामुळे. कुणी बघतच नव्हतं.

बाकी जग बघतंच. हळदीकुंकवाला गेलं की, "वा, किती कमी केलंस? अजून पोटावरचं गेलं ना की छान." एका लग्नात तर एकीनं कोपऱ्यात घेऊन विचारलं, "बरं आहे ना सगळं? शुगरबिगर?" जाड असताना बोलतात, बारीक होताना बोलतात, मधल्या मधे अडकलं तर 'सोडलंस वाटतं' म्हणतात. काही जणींना कौतुकानं हुरूप येतो, येऊ दे. मला कौतुक झालं की त्या दिवशी दोन घास जास्त जातात. बक्षीस म्हणून.

आता त्या व्हिडिओतली खरी गंमत सांगते. वर लिहिलंय 'रोज न चुकता'. अहो, मी त्या दिवशी बारा दिवसांनी गेले होते!

वहिनी तीन महिने पुण्याला आहेत, लेकीच्या बाळंतपणाला. पहिले काही दिवस तिथूनही पाच वीसला मिस्ड कॉल यायचा. मग बाळ झालं, आजीला रात्री झोप नाही, पहाटे कॉल यायचा बंद झाला. मी मोबाईलचा गजर लावला. गजर बंद करता येतो, वहिनींना बंद करता येत नाही, हा फरक. पहिल्या महिन्यात जेमतेम नऊ दिवस गेले. मग अवकाळी पाऊस, मग मार्चअखेरचं काम, मग नुसता कंटाळा. वजन ७४ वरून ७६. त्या दिवशी कशीबशी उठून गेले आणि दुसऱ्या वळणाला तीच गत, छातीचा भाता, तोच कठडा. शेजारी गवार विचारायला कुणी नाही. मागे मोबाईल धरून एक पोरगं.

म्हणजे माझ्या सातत्याचा म्हणून जो व्हिडिओ अख्खा सातारा बघतोय, तो माझं सातत्य मोडल्याचा आहे.

हसू आलं मला. मग पुन्हा राग आला. दुपारी त्याला मेसेज टाकला की बाळा, हे काढून टाक. उत्तर आलं, "काकू पॉझिटिव्ह घ्या ना, लोकांना मोटिव्हेशन मिळतंय." पुढे नमस्काराचे दोन हात.

चांगलं झापावं म्हणून त्याचं पान उघडलं आणि खाली खाली जात राहिले. दोनेक वर्षांपूर्वीचा एक फोटो सापडला. शाळेचा गणवेश, बटणं ताणलेली, गुबगुबीत गाल, कॅमेऱ्याकडे न बघणारं पोर. तोच तो. आणि त्याखाली त्यानं स्वतःबद्दल जे लिहिलंय ते मी इथं लिहू शकत नाही. कुत्र्यालाही कुणी असं बोलणार नाही. माझ्या लेकापेक्षा लहान असेल.

मग झापलं नाही. स्वतःलाच ज्यानं असं हाकललंय, त्यानं माझ्या मागे 'तर' लावला यात नवल ते काय! पण व्हिडिओ काढायला सांगितलाय, आणि काढेपर्यंत रोज सांगणार आहे. त्यात सूट नाही. आणि एवढं वाचूनही तुमच्यापैकी कुणी तो पुढे पाठवलात, तर संक्रांतीला माझ्या घरी तिळगूळ मिळणार नाही.

वहिनी पंधरा दिवसांनी येतायत. तोवर माची पेठ, चिमणपुरा, शनिवार पेठ अशा बाजूला कुणी राहत असाल आणि पाच वीसला उठत असाल, तर मला मिस्ड कॉल द्या. उचलणार नाही, पैसे लागणार नाहीत. मीही तुम्हाला देईन. पावणेसहाला अदालत वाड्यापाशी. वाटेत बसायचं झालं तर बसू, कठडा रुंद आहे, तिघी मावतो. बाटली आपापली आणा, मोबाईल पिशवीत राहू दे आणि वजन हा विषय नको.

वहिनी फेसबुकवर नाहीत. लेकीनं वाचून दाखवलं तर सांगते, वहिनी, गवार आज तीस रुपये पाव होती, ती पण जून. घेतली नाही.