खुलासा : '११५१ सॉकेट असेल तर आठव्या पिढीचा प्रोसेसर बसतो' हे चूक आहे

जुन्या डेस्कटॉपबद्दलचा हा मेसेज ग्रुपवर फिरतोय. (११५१ सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची, इंटेलचा प्रोसेसर बसवायची ११५१ पिनांची जागा.) त्याचं मूळ माझीच पोस्ट आहे, म्हणून दुरुस्तीही मीच करतो.

प्रोसेसर बसतो, पण चालत नाही. एच११० बोर्डावर (हा १०० मालिकेतला) आठव्या पिढीचा आय५-८४०० लावून पाहिला : पंखा फिरला, स्क्रीन काळीच. इंटेलने २०१७ साली आठव्या पिढीसाठी पिनांची संख्या ११५१च ठेवली, मात्र काही पिनांची कामं बदलली आणि ३०० मालिकेचा चिपसेट (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी बोर्डावरची चिप) सक्तीचा केला. १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डांवर सहावी-सातवी पिढीच चालते. (बायोसमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, फेरफार करून, प्रोसेसरच्या तळाला टेप चिकटवून चालवणारे हौशी आहेत. घरच्या एकुलत्या एक पीसीवर हा उद्योग नको.)

एच११० वाल्यांना सातव्या पिढीच्या आय७-७७०० पर्यंत जाता येतं. त्याआधी जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच बायोस अपडेट करून घ्या, नंतर पंचाईत होते. कॅबिनेट उघडून बोर्डावर छापलेला मॉडेल नंबर वाचा आणि बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची प्रोसेसरची यादी बघा. प्रत्येक प्रोसेसरपुढे बायोसची आवृत्तीही दिलेली असते.

विंडोज ११ साठी आठवी पिढी हवी म्हणून हा खटाटोप करत असाल, तर बोर्डही बदलावा लागेल. सातव्या पिढीतले मोजके अपवाद सोडले तर बाकीचे मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाहीत.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा टाका.