पहाटे पाचला म्हणजे नक्की कितीला?

"पाचला म्हणजे पाचला!" असं आदल्या रात्री गरजणारे काकाच सकाळी सातला दाढी करत असतात. कुठल्या घड्याळातले पाच हो हे? मी बावळट, साडेचारला आंघोळ उरकून, बूट चढवून सोफ्यावर! काकूला ऐनवेळी दशम्या भाजायच्या असतात, आत्याला उलटीची गोळी सापडत नाही. सगळी वरात एकदाची टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये कोंबली की कुणीतरी विचारणारच, "गॅस बंद केलाय ना?" झालं! पुन्हा तीन मजले वर. (गॅस बंदच असतो. आजवर एकदाही चालू सापडलेला नाही.)

पुणे ते हरिहरेश्वर, चार-पाच तासांचा रस्ता. पण ताम्हिणीत दर धबधब्यापाशी फोटो, माणगावला ट्रॅफिक, वर "जरा चहा घेऊ". पोहोचलो दुपारी तीनला. तिथली प्रदक्षिणेची वाट समुद्राकडेच्या खडकांवरून जाते, ओहोटी असेल तरच. समुद्र काय आमच्या काकांची दाढी व्हायची वाट बघणार? आम्ही पायऱ्यांवर ताटकळतोय, खाली लाटा आपटतायत आणि काका म्हणतात, "म्हणून सांगत होतो, लवकर निघा!"