मुतखड्याचं खापर दुधावर फोडू नका

‘अंतराळवीर लघवी शुद्ध करून तेच पाणी पितात, म्हणून त्यांना मुतखडे होतात. नासाने त्यांचं दूध आणि कॅल्शियम बंद करून लिंबूपाणी सुरू केलंय. तुम्हीही करा.’ हा मेसेज आत्याच्या फोनवर आला आणि तिने दूध सोडलं. तिची हाडं ठिसूळ झालीयत, तरी डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्याही कपाटात गेल्या!

त्या पाण्याने खडे होतात हा मुद्दा तर धडधडीत खोटा. अंतराळ स्थानकावर लघवीची वाफ करून पाणी मिळवतात, कॅल्शियम मागे गाळात राहतं. ते इतकं असतं, की २००९ मध्ये कॅल्शियम सल्फेट साचून ते यंत्रच बंद पडलं होतं.

आता हे कॅल्शियम येतं कुठून? अंतराळवीरांच्या हाडांतून. तिथे हाडांवर भार पडत नाही. खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्के घटते आणि सुटलेलं कॅल्शियम लघवीत उतरतं. ज्याची हाडं अशी झिजतायत त्याचं दूध कोण तोडेल? नासा तोडत नाही. भरपूर पाणी पाजते आणि हाडांवर जोर येईल असा व्यायाम रोज करून घेते.

इथे जमिनीवर तरी दूध तोडून काय होतं? वारंवार खडे होणाऱ्या, लघवीतून जास्त कॅल्शियम जाणाऱ्या १२० पुरुषांवर इटलीत पाच वर्षं अभ्यास झाला. तो २००२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. कॅल्शियम कमी केलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीइतकं ठेवून मीठ आणि मांस कमी केलेल्या ६० जणांत फक्त १२ जणांना. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला (पालकासारख्या पदार्थांत असणाऱ्या, कॅल्शियमशी जुळून खडा करणाऱ्या घटकाला) धरून ठेवतं. ते नसलं, की ऑक्झलेट मोकळं शोषलं जातं आणि लघवीत येऊन खडा करतं. मेसेज लिहिणाऱ्याने नेमका उलटा सल्ला दिलाय.

लिंबाचं अर्धं खरं आहे, ते मानावं लागेल. लिंबातलं सायट्रेट खडे रोखायला मदत करतं. पण अंतराळात चाचणी झाली ती पोटॅशियम सायट्रेटच्या गोळ्यांची, तीही अंतराळवीर पेगी व्हिटसन यांच्याच संशोधनात. आणि सरबतात मीठ टाकू नका, मिठाने लघवीतलं कॅल्शियम वाढतं.

गोळ्या कधी, किती घ्यायच्या हे डॉक्टरांनी ठरवायचं. शनिवारी आत्याला घेऊन जातोय. दूध मात्र तिने कालपासून पुन्हा सुरू केलंय.