रीयुनियन रिसॉर्टला नको, नदीवर करा

गेले दोन आठवडे आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच राडा चालू आहे. सीओईपीच्या, म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या, बोट क्लबला २०२८ मध्ये शंभर वर्षं होणार, तर आपण जुन्या लोकांनी भेटायचं कुठे. एक पार्टी म्हणते लोणावळ्याला रिसॉर्ट, दोन दिवस, फॅमिलीसकट. दुसरी म्हणते पुण्यातच हॉल घ्या, बुफे आणि सगळ्यांना टी-शर्ट. टी-शर्टच्या रंगावरून दोघं ग्रुप सोडून गेले, संध्याकाळी परत अ‍ॅड झाले. मी गप्प होतो कारण तिथे काही लिहिलं की दहा मिनिटांत त्यावर गुलाबाची फुलं आणि सुप्रभात येऊन पडतं, म्हणून इथे लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच, की भेटायचं तर मुळा-मुठेच्या संगमावर भेटू, आणि बोट काढू. पाचशे मीटर जमलं तर पाचशे, नाही तर पन्नास.

हसू नका, आधी ऐका. मागच्या गेट-टुगेदरला काय झालं ते सांगतो. हॉलमध्ये शिरलो, एक जाडजूड गृहस्थ हात पसरून आले, "काय रे, ओळखलं नाहीस ना?" खरंच नव्हतं ओळखलं. मी आपलं "अरे वा, काय म्हणतोस, मुलं काय करतात" असं करत वेळ काढला. मग ते पनीर घ्यायला वळले, पाठ माझ्याकडे झाली, आणि डोक्यात लख्खकन पडलं की हा तर आमचा तीन नंबर! केस गेलेत, मानेवर वळ्या आल्यात, पण उजवा खांदा अजून तसाच किंचित वर.

ज्यांनी रोइंग केलं नाही त्यांना सांगतो. कॉक्स्ड फोरमध्ये चार जण वल्ही मारतात आणि पाचवा कॉक्स, तो सुकाणू धरतो आणि आरडाओरडा करतो. चौघंही बोट जाते त्याच्या उलट्या दिशेला तोंड करून बसतात, पुढचं दिसतं ते फक्त कॉक्सला. मी बो, म्हणजे एक नंबर, पार टोकाला. दोन, तीन आणि स्ट्रोक, म्हणजे चार नंबर, तिघांच्या पाठी माझ्यासमोर, माझी पाठ मात्र कुणालाच दिसायची नाही (आणि ते बरंच होतं, कारण सगळ्यात आधी दम माझाच जायचा). अडीच-तीन वर्षं रोज पहाटे मी ज्यांच्या माना बघितल्या त्यांचे चेहरे मला कॅन्टीनपुरतेच माहीत होते. आणि तुम्ही अशा माणसांना राउंड टेबलभोवती समोरासमोर बसवता, वर अँकर आणून अंताक्षरी खेळायला लावता. कसं जमायचं?

त्या गेट-टुगेदरला एक फार जुने सीनियर आले होते. स्टेजवर प्रत्येक जण नाव, बॅच, सध्या कुठल्या कंपनीत कुठल्या पदावर हे सांगत होता, ऐकून ऐकून कंटाळा आला होता. हे उठले आणि म्हणाले, "मी पानशेतच्या आधीचा." बस्स, खाली बसले. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, त्याच्या आधी ज्याने ही नदी पाहिली तो माणूस, त्याला कुणी बॅच विचारायची हिंमतच केली नाही. मला ती ओळख इतकी आवडली की मी त्यानंतर माझं डेसिग्नेशन सांगणंच सोडलं.

आता इतिहासाचं. ग्रुपवरच्या एका उत्साही मित्राने "भारतातला पहिला बोट क्लब" असं लिहून बॅनरचं डिझाइन टाकलंय, ते कृपया काढा. कलकत्ता रोइंग क्लब १८५८ चा, मद्रास बोट क्लब १८६७ चा, आणि लांब कशाला, आपल्याच पुण्यात साहेबलोकांचा रॉयल कॉनॉट बोट क्लब १८६८ चा. ज्याच्यावरून बोट क्लब रोड म्हणतात तो. (आता तो रोड म्हटलं की लोकांना बोटी नाही, फ्लॅटचे भाव आठवतात.) आपला १९२८ चा, म्हणजे त्यांच्यापेक्षा साठ वर्षांनी लहान. पण आपला क्लब कॉलेजच्या पोरांचा, दर वर्षी नवीन पोरं येणार, तीच बोटी उचलणार, तीच रेगाटा, म्हणजे बोटींचा सोहळा, करणार, चार वर्षांत निघून जाणार. असं करत शंभर वर्षं ओढणं मला तरी पहिल्या नंबरापेक्षा मोठं वाटतं.

रेगाटा! ज्यांनी पाहिली नाही त्यांनी एकदा पाहाच. काठावर माणसांची ही गर्दी, पाण्यात कयाकचं बॅले, बाणासारखं फॉर्मेशन, आणि अंधार पडला की पंटवर, म्हणजे सपाट तळाच्या बोटीवर, उभं राहून मशाली. मी एक वर्ष मशालीत होतो. रॉकेलचा वास शर्टातून आठवडाभर गेला नाही आणि आईने तो शर्ट शेवटी फरशी पुसायला घेतला. दुसऱ्या वर्षी शर्यतीत होतो, तिथे मी भर गर्दीसमोर क्रॅब मारला, म्हणजे वल्हं पाण्यात अडकलं आणि त्याची मूठ पोटात बसली. बोट थांबली. कॉक्स जे बोलला ते इथे लिहिता येत नाही.

पण हे सगळं ज्या पाण्यावर झालं त्याबद्दल ग्रुपवर एक अक्षर नाही, आणि माझा खरा राग तिथे आहे. पुण्यात रोइंग का जमतं? बंड गार्डनचा बंधारा. सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून तो १८५० च्या सुमारास बांधला, लोकांना पाणी मिळावं म्हणून. त्याच्या मागे पाणी अडून संथ राहिलं, म्हणून साहेबाच्या बोटी आल्या आणि पुढे आपल्या. आता गंमत बघा, तेच संथ पाणी जलपर्णीलाही आवडतं. वरून शहराचं सांडपाणी येतं, तिला खायला भरपूर, वाहून जायची भीती नाही, मग ती काठापासून काठापर्यंत हिरवी सतरंजी अंथरते. त्यात वल्हं घाला, बाहेर काढताना निम्मी नदी सोबत येते. आम्ही पावसाळा संपायची वाट बघायचो, आताची पोरं जलपर्णी काढायच्या मशीनची वाट बघतात.

आणि याच मुळा नदीच्या काठी, थोडं वर, दापोडीला सीएमईत, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, आर्मीचं रोइंग चालतं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, दुष्काळी भागातला, विहिरी खोदायच्या कामावर जाणारा, पाण्याची भीती असलेला माणूस, फौजेत आला आणि पुण्यात वल्हं धरायला शिकला. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये (एकटा माणूस, दोन वल्ही) तेरावा आला, २०१८ च्या एशियन गेम्सला चौघांच्या क्वाड्रपल स्कल्सच्या गोल्डमध्ये होता. आपल्या ग्रुपवर त्याच्यावर किती मेसेज आले असतील? मी शोधले, चार. आणि टी-शर्टवर एकशे बासष्ट.

तर रिसॉर्टचे पैसे वाचवा. त्यातून आताच्या पोरांना दोन जोड्या चांगली वल्ही घेऊन देऊ, आणि त्यांच्याच बोटीत अर्धा तास बसू. गुडघे, शुगर, स्टेंट, सगळं मान्य. आमच्या स्ट्रोकची बायपास झालीय, त्याला मी फोन केला तर तो म्हणाला, "मी मारणार नाही, नुसता बसीन, पण माझ्याच सीटवर बसीन." कॉक्सचं वजन तेव्हा अठ्ठेचाळीस होतं, आता ब्याण्णव आहे, त्यामुळे बोट मागून बुडणार हे नक्की. म्हणून फोर नको, पंट घेऊ, त्यात मावतो सगळे.

मार्चमधला एक रविवार, सकाळी साडेसहा. बोट क्लबच्या मामांना विचारून ठेवतो. तीन नंबर, वाचतोयस ना? टोपी घालून येऊ नकोस, मला ओळखायला मान दिसली पाहिजे.