एक उकळी फुटेपर्यंत

ज्या पदार्थाच्या नावाआधी ‘सोपा’ असं छापलेलं असतं, त्याच्यापासून मी लांब राहतो. पुरणपोळी करायला घेतलेल्या माणसाला घरात मान असतो. त्याच्या आसपास कुणी फिरकत नाही, पोरं हळू बोलतात आणि पोळी फुटलीच तर लोक पुरणाला दोष देतात. सोप्या पदार्थाला ही सवलत नाही. तो बिघडला की करणाऱ्याच्या अकलेचा विषय निघतो. शिवाय तो होत असताना, पुरणपोळीच्या वेळी हॉलमध्ये गपगुमान बसलेलं अख्खं घर ओट्यापाशी येऊन उभं राहतं. सोपं आहे म्हटल्यावर सल्ला द्यायला सगळ्यांनाच येतं.

आम्ही आयोवातल्या सीडर रॅपिड्सला राहतो. इथे नदीकाठी क्वेकर ओट्सचा अवाढव्य कारखाना आहे. वारा तिकडून असला की सकाळी गाडीत बसतानाच गोड सिरियलचा वास येतो, न्याहारी केली नसेल तर अपराधी वाटतं. गावातच मक्यापासून स्टार्च आणि सिरप काढणाऱ्या गिरण्याही आहेत. त्यांच्या वासाबद्दल न बोललेलं बरं. गावाबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत मका. सिरियल आणि मक्याच्या सिरपच्या अशा या मुलखात बारसं असो, मयत असो की फुटबॉलची मॅच असो, टेबलाच्या कडेला ‘बार’ नावाच्या वड्यांचा ट्रे असतोच. त्यातल्या मानाच्या वडीचं नाव स्कॉचरू. तांदळाचं फुललेलं सिरियल पीनट बटर घातलेल्या पाकात घोळायचं, थापायचं आणि वर चॉकलेट-बटरस्कॉचचा थर द्यायचा. ही कृती १९६०च्या दशकात राइस क्रिस्पीज या त्याच सिरियलच्या खोक्यावर छापून आली आणि आयोवाच्या बायांनी ती जी उचलली, ती आजतागायत खाली ठेवलेली नाही.

ऑफिसच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने काहीतरी आणायच्या जेवणात, मी सुरुवातीपासून ‘कागदी ताटल्या’ आणि ‘बर्फ’ या दोन रकान्यांत सुखी होतो. ही दोन्ही संस्थानं या वर्षी माझ्याआधी कुणीतरी खालसा केली. यादी माझ्यापर्यंत आली तेव्हा एकच ओळ रिकामी होती : बार. शेजारच्या टेबलावरच्या बाई मायेने म्हणाल्या, “अरे, याच्याइतकं सोपं काही नाही. ओव्हनसुद्धा लावायचा नाही.”

ओव्हन न लावणं ही गोष्ट आमच्या घराण्याला जमण्यासारखी होती. आमच्या ओव्हनमध्ये दोन कढया, परात, इडलीपात्र आणि एक बिनझाकणाचा कुकर राहतो. घर घेतल्यापासून तो कपाट म्हणून उत्तम सेवा देतोय.

खरं म्हणजे याहून सोपा बार आहे. १९३९ साली केलॉगच्या पाकशाळेत दोघींनी मिळून बसवलेला राइस क्रिस्पीज ट्रीट. तीनच जिन्नस, त्यातला एक मार्शमॅलो. पण मार्शमॅलोत जिलेटिन असतं, जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यापासून येतं आणि उन्हाळ्यापासून आमच्याकडे माझी आई आलेली आहे. दुकानात ती प्रत्येक पाकीट उलटं करून माझ्या लेकीला वाचायला लावते. लेकही आज्जीच्या तालमीत तयार झालेली. जिलेटिन हा शब्द तिला इंग्रजी शाळेच्या आधी आज्जीने शिकवला. म्हणून स्कॉचरू.

सिरियलचं खोकं उघडल्यावर आईने दोन दाणे तोंडात टाकले आणि निकाल दिला. “चुरमुरे.”

आई जयसिंगपूरची. तिच्याकडे कुरमुरे नसतात, चुरमुरे असतात, आणि त्यांच्याबाबतीत तिला कुणी शिकवू शकत नाही. मी म्हटलं, अगं, हे वाळूत फुटाणे फोडल्यासारखे फोडत नाहीत, तांदूळ साखर-माल्ट घालून शिजवतात, वाळवतात, दाबतात, मग भट्टीत फुलवतात. आईने आणखी दोन दाणे खाल्ले. “म्हणजे गोड चुरमुरे. सादळलेत जरा. कढईत शेकून घेऊ.”

पीनट बटरच्या बरणीने तर तिला बसायलाच लावलं. आईचं अर्धं आयुष्य दाण्याच्या कुटात गेलं. कूट करायचं म्हणजे मिक्सर क्षणभर फिरवायचा, थांबायचं, डबा हलवायचा, पुन्हा क्षणभर. जरा जास्त फिरला की दाण्याला तेल सुटतं, गोळा होतो आणि सासू म्हणते, “घालवलंस कूट!” लग्न होऊन आल्यावर पहिल्याच श्रावणात तिच्याकडून असं कूट ‘गेलं’ होतं आणि आजी ते पुढची वीस वर्षं सांगत होती. आता तेच गेलेलं कूट बरणीत भरून, झाकण लावून, डॉलरने विकायला ठेवलेलं तिने पाहिलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “सासूबाई हव्या होत्या.”

त्यात आमच्या घरात बरण्या दोन. बायको आणते ती ‘नॅचरल’. नुसते दाणे, वर तेलाचा तवंग, खाली सिमेंट. बारला ती चालत नाही, तेल वेगळं होऊन वडी भुसभुशीत होते. त्याला साधी, गुळगुळीत, थोडं घट्ट केलेलं तेल मिसळून स्थिर केलेली बरणी लागते, जी बायको घरात येऊ देत नाही. मी ती गाडीतून जॅकेटखाली आणली. या साध्या बरणीतही कायद्याने किमान ९० टक्के दाणे असावे लागतात, हे मी घरात शिरतानाच सांगून टाकलं. १९५९ साली सरकारने ९५ टक्के मागितले होते, कंपन्या ८७ वर हटून बसल्या, आणि मधल्या टक्क्यांसाठी दहा वर्षांहून जास्त काळ वकील लढत राहिले. बायकोवर या इतिहासाचा परिणाम झाला नाही. आई म्हणाली, “आमच्या कुटात शंभर टक्के असायचे. कुणी वकील नाही आला.”

शनिवारी बायको बाहेर गेली आणि आम्ही तिघं ओट्याशी उभे राहिलो. लेकीच्या हातात खोकं. तिला खोक्यावरचा शब्द म्हणजे राज्यघटना. एक कप साखर, एक कप कॉर्न सिरप, एक कप पीनट बटर, सहा कप सिरियल.

“कप म्हणजे कुठला? चहाचा?”

“आज्जी, मेजरिंग कप!”

एवढा मोठा, चंद्रावर जाऊन आलेला देश, पण स्वयंपाकघरात वजनकाटा नाही. पीनट बटरसारखी चिकट गोष्टसुद्धा कपातच मोजायची. कपात ते घालता येतं, बाहेर काढता येत नाही. मी रबरी चमच्याने खरवडत होतो तोवर आईने दुसरा कप घेतला, आतून तुपाचं बोट फिरवलं, सिरप मोजलं. ते सुळकन पातेल्यात उतरलं. लेक म्हणाली, तूप बॉक्सवर नाहीये. आई म्हणाली, ते लिहायचं नसतं.

इथपर्यंत सगळं आनंदात होतं. मग पातेलं शेगडीवर चढलं.

या पदार्थात अवघड अशी एकच जागा आहे. साखर आणि सिरप ढवळत राहायचं आणि उकळी फुटू लागली, की त्याच क्षणी उतरवायचं. ती उकळी पुढे चालू राहिली तर पाण्याचा अंश उडतो, पाकाचं तापमान चढतं आणि मऊ वडीची कडक वडी होते. ११५ अंशांच्या आसपास पाकाची मऊ गोळी वळते. १४५ च्या पुढे गेला की तो गार झाल्यावर काचेसारखा तुटतो. मधलं अंतर कागदावर ३० अंशांचं असलं, तरी पसरट पातेल्यात आणि मोठ्या आचेवर ते बोलता बोलता कापलं जातं. आणि आमच्याकडे बोलणं भरपूर होतं.

“बाबा, बबल्स! बॉक्स म्हणतोय काढा!”

“काढतोस काय? कच्चा आहे पाक. साखरेचा वास येतोय अजून.”

“आज्जी, नो!”

आईने वाटीत पाणी घेतलं, त्यात पाकाचा थेंब सोडला, अंगठा आणि तर्जनीत धरून पाहिला. तो पसरला. तिने मान हलवली. माझ्या एका बाजूला आयोवातल्या बायांच्या दोन-तीन पिढ्या खोक्याच्या रूपाने उभ्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला माझी आई. तिळाच्या वड्यांपासून राजगिऱ्याच्या लाडवांपर्यंत तिचा पाक मी तरी कधी चुकलेला पाहिलेला नाही. अशा वेळी शहाणा माणूस ढवळत राहतो. मी ढवळत राहिलो.

“लिंबू पिळलंस का? नाहीतर साखर होईल पाकाची.”

इथे मला माझं ज्ञान दाखवायची संधी मिळाली. अगं, लिंबू जे काम करतं तेच काम हे सिरप करतं. त्यातलं ग्लुकोज साखरेचे कण जमू देत नाही. गावातल्या गिरणीतलं असेल कदाचित. आईने लक्षपूर्वक ऐकलं. माणूस इतकं लक्षपूर्वक ऐकायला लागला की आपण आणखी बोलतो. मी आणखी बोललो.

दरम्यान गोळी वळली. “कर बंद,” आई म्हणाली. केला. पण आमची शेगडी विजेची, तिची कॉइल. आईचा सगळा संसार गॅसवरचा, जिथे बंद म्हणजे बंद. इथे बटण फिरवल्यावरही कॉइल लालबुंद राहते आणि तिच्यावर ठेवलेलं पातेलं शिजतच राहतं. आई पीनट बटरची बरणी उघडत होती, लेक खोक्यावरचं तात्पर्य तिसऱ्यांदा वाचत होती आणि पाक आपल्या वाटेने पुढे निघून गेला होता.

बटर घातलं, सिरियल लोटलं आणि उलथन्याने दोन फेरे मारेपर्यंत मिश्रण हट्टाला पेटलं. “लवकर! लवकर! आळतंय!” आईचा आवाज चढला. तिने माझ्या हातातून उलथनं घेतलं, ट्रेला तूप फासलं, गोळा आत उलटला, स्टीलच्या वाटीचं बूड तुपात बुडवून थापायला सुरुवात केली. त्या वयाच्या बाईला तसं थापताना मी प्रथमच पाहत होतो. कडा, कोपरे, मध्य, पुन्हा कडा. पृष्ठभाग असा की त्यावर कॅरम खेळावा. लेकसुद्धा खोकं विसरून बघत होती. थापण्याचं हे कसब कुठल्याही खोक्यावर छापता येणार नाही. मिश्रण बरोबर असतं तर आयोवात त्याला बक्षीस मिळालं असतं.

चॉकलेटचं प्रकरण थोडक्यात सांगतो. मायक्रोवेव्हमधून ते अर्धवट वितळलेलं बाहेर आलं, आई म्हणाली करपतंय, आणि तिने त्यावर पाण्याचा हबका मारला. पोह्यांना हबका चालतो, उपम्याला चालतो, भाकरीच्या पिठाला चालतो. चॉकलेटला पाण्याचे चार थेंब लागले की ते क्षणात रवाळ, कोरडा गोळा होऊन बसतं. लेक रडवेली झाली. आई म्हणाली, “हलक्या प्रतीचं दिसतंय.”

वडी गार झाल्यावर सुरी चालेना. सुरीच्या पाठीवर बत्ता मारला तेव्हा ट्रेमधून पाट आपटल्यासारखा आवाज आला आणि एक तुकडा फ्रिजखाली गेला. एवढ्यात बायको आली. तिने एक तुकडा उचलला, दाढेखाली धरला, डोळे मिटून थोडा वेळ थांबली.

“छान झालीये चिक्की,” ती म्हणाली. “पण तुला बार न्यायचे होते ना?”

आईचा चेहरा उजळला. तिच्या दृष्टीने पदार्थ आत्ता कुठे यशस्वी झाला होता.

दुसरा घाणा मी रात्री, आई जयसिंगपूरला फोनवर असताना आणि लेक झोपल्यावर केला. उकळी फुटली, उतरवला, दहा मिनिटांत सगळं ट्रेमध्ये. एकट्याने केला तर हा पदार्थ खरोखरच सोपा आहे.

ऑफिसात ट्रेसमोर जिन्नसांचं कार्ड ठेवावं लागतं. दाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते, लेकीच्या वर्गात तर दाणे न्यायलाच बंदी आहे. मी ठळक अक्षरांत लिहिलं : शेंगदाणे, दूध, सोया. माल्ट बार्लीचं म्हणून बार्लीही. आई चष्मा लावून शेजारी बसली होती. “दाण्याने त्रास होतो त्यांना?” तिला मनापासून वाईट वाटलं. “मग बिचारे उपासाला काय खातात?” नंतर ती स्वतःच हिशोबाला लागली : दाणे चालतात, साखर चालते, तांदूळ नाही, बार्ली नाही, मक्याबद्दल दोन मतं आहेत. “ते पण लिही. उपासाला चालत नाही. कुणी असेल संकष्टीचं.” मी लिहिलं. खाली बारीक अक्षरांत. ऑफिसात तीन जणांनी त्याचा अर्थ विचारला आणि एकाने संकष्टी कधी असते ते कॅलेंडरात टाकून घेतलं.

बार संपले. त्यात माझं काही नाही, आयोवात बार संपतातच. घरी पहिल्या घाण्याचा स्टीलचा डबाही संपत आला आहे, कारण आई रोज दुपारी चहाबरोबर एक तुकडा खलबत्त्यात फोडून घेते आणि लेक आता खोक्यापेक्षा आज्जीच्या बाजूची झाली आहे.

काल आई मावशीला फोनवर कृती सांगत होती. “चुरमुरे घे. दाण्याचं कूट घे, जास्त फिरव, जाऊ दे, जायलाच पाहिजे. ते मक्याचं सिरप तुला मिळायचं नाही, गूळ घे. चॉकलेट नको, दगड होतं त्याचा. पाक गोळीबंद कर, इथले लोक कच्चा काढतात. आणि ओव्हन लावायला लागत नाही हं.”

पलीकडून मावशीचा आवाज स्पीकरवर खणखणीत आला. “अगं आक्का, चुरमुऱ्याचे लाडू सांगतीयेस होय? मला वाटलं अमेरिकेचं काहीतरी आहे.”

“अमेरिकेचंच आहे,” आई म्हणाली. “लाडू वळायला येत नाहीत त्यांना, थापतात.”