शाळा-मंडळातून क्वीन्स पार्कला कसे पोहोचावे: होतकरू ट्रस्टींसाठी मार्गदर्शन

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या एखाद्या शाळा-मंडळावर आपण ट्रस्टी, म्हणजे लोकनियुक्त सदस्य, म्हणून निवडून आला असाल, आणि आपल्या भागातील एमपीपीने, म्हणजे क्वीन्स पार्कमधल्या प्रांतिक विधानसभेतल्या आमदाराने, मुदतीआधीच जागा सोडल्याची बातमी कानावर आल्यापासून आपल्याला रात्री झोप लागत नसेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. महत्त्वाकांक्षी माणसासाठी प्रांतिक पोटनिवडणुकीइतकी सोयीची व्यवस्था दुसरी नाही. जागा रिकामी झाल्यावर सहा महिन्यांच्या आत ती जाहीर करावीच लागते, प्रचाराला जेमतेम महिना मिळतो, मतदान गुरुवारी, म्हणजे लोक कामावर असताना, होते, आणि शंभरांतले सत्तर मतदार त्या दिवशी केंद्राकडे फिरकतही नाहीत. सरकार राहणार की जाणार, हा प्रश्न बहुधा नसतोच. १२४ खुर्च्यांपैकी एकीवर कोणी बसायचे, एवढेच ठरायचे असते. अशा वेळी ज्याचे नाव चार लोकांनी आधी ऐकलेले आहे, तो पुढे जातो, आणि आपले नाव तर शाळेच्या बातमीपत्राच्या तळाशी दर महिन्याला छापून येते. गेल्या आठवड्यात असेच एक ट्रस्टी आमच्या दारात मते मागायला उभे राहिले. त्यांच्याशी बोलताना या कलेची जी अंगे माझ्या ध्यानात आली, ती आपल्यासारख्यांच्या उपयोगी पडावीत, म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभी पूर्वसुरींचे स्मरण करावे. माइक हॅरिस निपिसिंगच्या शाळा-मंडळावर होते आणि १९९५ साली प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, झाले. कॅथलीन विन २००० साली टोरांटोच्या मंडळावर निवडून आल्या, २००३ साली एमपीपी झाल्या आणि २०१३ साली प्रीमियर. मारिट स्टाइल्स २०१४ साली त्याच मंडळावर आल्या, चार वर्षांनी विधानसभेत गेल्या आणि २०२३ साली एनडीपी या पक्षाच्या नेत्या झाल्या. यांतला हॅरिस यांचा धडा विशेष अभ्यासनीय आहे. १९९७ साली त्यांच्याच सरकारने मंडळांची संख्या १२९ वरून ७२ वर आणली, ट्रस्टींच्या मानधनाला वर्षाला ५,००० डॉलरची मर्यादा घातली आणि शाळांसाठी स्थानिक कर ठरवण्याचा मंडळांचा अधिकार काढून प्रांताकडे नेला. ज्या शिडीने आपण वर चढलो, ती वर पोहोचल्यावर कशी ओढून घ्यावी, हे यातून शिकण्यासारखे आहे.

पैशाचा विषय स्वतःहून काढू नये. ट्रस्टीचे मानधन वर्षाला काही हजार डॉलर असते, आणि एमपीपीचा पगार मे २०२५ मध्ये १,१६,५५० डॉलरवरून एका फटक्यात १,५७,३५० डॉलर झाला, हा योगायोग मतदारांच्या लक्षात आलाच तर ‘सेवेचे क्षेत्र विस्तारावे, अशी लोकांचीच इच्छा आहे’ असे म्हणावे.

अंदाजपत्रक वाचू नये, त्याच्यासोबत छायाचित्र काढून घ्यावे.

पक्षाची उमेदवारी मिळवणे हे खरे काम आहे, त्यामुळे मंडळाच्या बैठकांचा वेळ तिकडे वळवावा. उमेदवार निवडण्याचा अधिकार बहुधा पक्षाच्या स्थानिक सभासदांना असतो, आणि सभासद तर कोणालाही करता येते. शाळांच्या पालक-समित्यांतून जमवलेले फोन नंबर येथे फार कामी येतात. ते ज्या कारणासाठी दिले गेले होते, त्याचा विचार करीत बसल्यास सभासदांची यादी अपुरी राहील.

आता सर्वांत महत्त्वाची विद्या, म्हणजे ‘हे माझ्या अधिकारात येत नाही’ हे वाक्य योग्य वेळी उच्चारण्याची. या वाक्यात बराच सत्यांश आहे, हीच त्याची ताकद आहे. शाळांचा पैसा प्रांताकडून येतो, अभ्यासक्रम प्रांत ठरवतो, नवी शाळा बांधायची तर मंत्रालयाने निधी मंजूर करावा लागतो, त्यामुळे पालकाने काहीही विचारले तरी क्वीन्स पार्ककडे बोट दाखवता येते. मात्र जे ट्रस्टींनीच करायचे असते, म्हणजे मंडळाचे वार्षिक अंदाजपत्रक मंजूर करणे, डायरेक्टरची, म्हणजे मंडळाच्या सर्वोच्च अधिकाऱ्याची, नेमणूक करून त्याच्या कामाचा हिशेब मागणे, धोरणे ठरवणे, आणि आमच्या मंडळात तरी कोणत्या गल्लीतले मूल कोणत्या शाळेत जाईल, त्या हद्दींवर मत देणे, त्याचा उल्लेख चुकूनही करू नये.

हद्दींचा विषय निघालाच आहे, तर आमच्या ट्रस्टीमहोदयांनी तो किती कौशल्याने हाताळला, ते सविस्तर सांगणे भाग आहे. आमच्या वसाहतीतली मुले ज्या शाळेत पायी जात, ती भरून गेली. मैदानावर पोर्टेबलांची, म्हणजे तात्पुरत्या वर्गखोल्यांची, रांग लागली, खेळायला जागा उरली नाही, आणि जूनच्या उकाड्यात त्या पत्र्याच्या खोल्यांत मुले घामाने वह्या भिजवत बसू लागली. मग मंडळाने एक योजना आणली, जिच्यानुसार आमच्या बाजूची सर्व मुले हायवेपलीकडच्या शाळेत बसने पाठवायची. बस कधी उशिरा येते, कधी चालक नाही म्हणून येतच नाही, आणि आई-बाप दोघेही कामावर जाणाऱ्या घरात उणे पंधरा तापमानात रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या मुलाचे काय करायचे, याचे उत्तर त्या योजनेत कोठेही नव्हते. सूचनेचे पत्र नाताळच्या सुटीच्या तोंडावर आले, म्हणजे कोणाच्या नजरेस पडू नये, अशा बेताने. तरीही पालकांनी ते वाचले, ईमेली लिहिल्या, सह्या गोळा केल्या. ट्रस्टींकडून आलेले उत्तर यंत्राने पाठवलेले होते: आपला संदेश मोलाचा आहे, तो संबंधित कर्मचाऱ्यांकडे पाठवण्यात आला आहे. पुढे कोणताही संबंधित कर्मचारी आमच्याशी संबंध ठेवायला आला नाही. ऑनलाइन सभेत पालक एकामागून एक बोलत होते, काहींचा आवाज कापत होता, आणि पडद्यावर आमच्या प्रतिनिधीच्या जागी एक काळा चौकोन आणि त्यात त्यांचे नाव, एवढेच दिसत होते. मत देण्याची वेळ आली, तेव्हा तो चौकोन जिवंत झाला, योजनेच्या बाजूने मत पडले, आणि एकही शब्द न बोलता चौकोन पुन्हा काळा झाला. त्याच रात्री पक्षाच्या मेजवानीतले त्यांचे हसरे छायाचित्र सर्वांच्या फोनवर येऊन पोहोचले.

आता पोटनिवडणुकीच्या पत्रकावर ‘वस्तीतल्या शाळांसाठी लढणारा आपला माणूस’ असे लिहिले आहे, आणि त्याखालच्या छायाचित्रात ते आमच्याच जुन्या शाळेच्या फलकासमोर हाताची घडी घालून उभे आहेत, ज्या शाळेत आमच्या गल्लीतले एकही मूल आता जात नाही. मी त्यांना दारातच हद्दींविषयी विचारले. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, ‘प्रांताने आमचे हात बांधले होते हो, म्हणूनच तर मला तिथे पाठवा.’ हात बांधले होते म्हणे! योजनेच्या बाजूने वर झाला तो हात कोणाचा होता? ईमेलचे उत्तर लिहायला कोणत्या मंत्र्याची परवानगी लागते? कॅमेरा सुरू करायला मंत्रालयाचा निधी लागतो काय?

असो. मार्गदर्शन पुढे चालू ठेवू.

राजीनामा देऊ नये. कायदा उमेदवारीसाठी तो मागत नाही, त्यामुळे हरलात तर आपली जुनी खुर्ची शाबूत असते आणि जिंकलात तर रिकामी झालेली जागा नेमणुकीने भरायची की मंडळाच्या खर्चाने आणखी एक पोटनिवडणूक घ्यायची, ही मागे राहिलेल्यांची डोकेदुखी होते.

विविध समाजांच्या उत्सवांना हजेरी लावावी. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात हेच महोदय आरतीच्या ऐन वेळी आले, ध्वनिक्षेपकावरून ‘नमस्ते, सत श्री अकाल, वणक्कम’ असे एका दमात म्हणाले, तबक हातात घेऊन तीन बाजूंनी छायाचित्रे काढून घेतली आणि प्रसादाच्या आधीच पुढच्या कार्यक्रमाला रवाना झाले. आमच्या कार्यकारिणीने त्यांना शाल आणि श्रीफळ दिले. कशाबद्दल दिले, हे विचारणाऱ्यास ‘अहो, संबंध ठेवावे लागतात’ असे उत्तर मिळाले. हायवेपलीकडे पाठवलेल्या मुलांपैकी काही त्याच व्यासपीठावर नुकतीच लेझीम खेळून उतरली होती, पण तो विषय त्या मंगल प्रसंगी काढणे कोणालाच प्रशस्त वाटले नाही.

मंडळाच्या पैशाने लांबचा प्रवास मात्र टाळावा. ब्रँट-हॅल्डिमंड-नॉरफोकच्या कॅथलिक मंडळाचे चार ट्रस्टी २०२४ च्या उन्हाळ्यात शाळांसाठी कलाकृती विकत घ्यायला इटलीला गेले. प्रवासाचा खर्च सुमारे ४५,००० डॉलर आणि कलाकृतींचा सुमारे एक लाख डॉलर झाला आणि प्रांतभर बोभाटा झाला. आपण काहीच केले नाही, तर आपली बातमी होत नाही, हा आमच्या ट्रस्टींचा मार्ग अधिक सुरक्षित आहे.

निवडून आल्यावर काय करणार, असे कोणी विचारल्यास नवी शाळा आणीन, असे बेधडक सांगावे. सत्ताधारी बाकांवरच्या मागच्या रांगेतला नवखा सदस्य किंवा विरोधी पक्षाचा एकटा आमदार शिक्षण मंत्रालयाकडून इमारत कशी मंजूर करून घेणार, हे विचारण्याइतका वेळ दारात उभ्या असलेल्या माणसापाशी नसतो, कारण आत भाजी करपत असते.

येथपर्यंत मी फार सभ्यपणे लिहिले. आता ते जमणार नाही.

आपले अधिकार थोडे आहेत, हे खरे आहे, ट्रस्टीसाहेब. पण जेवढे होते तेवढ्यात तुम्हाला किती करता आले असते, ते ऐका. हद्दींचा विषय एका सभेने पुढे ढकलावा, असा ठराव मांडता आला असता. बसला खरोखर किती वेळ लागतो, याचा लेखी अहवाल कर्मचाऱ्यांकडून मागता आला असता. निदान धाकटी भावंडे मोठ्या भावंडांबरोबर जुन्या शाळेत राहावीत, अशी दुरुस्ती सुचवता आली असती. हरला असतात, तरी विरोधी मत इतिवृत्तात नोंदवले गेले असते. यांतले काही जमत नव्हते, तर ज्या आईने तुम्हाला पुन्हा पुन्हा लिहिले, तिला फोन तरी करता आला असता. यांतल्या एकाही गोष्टीला क्वीन्स पार्कची परवानगी लागत नव्हती. तुम्ही ते केले नाही, कारण त्या कामातून मते मिळत नाहीत, आणि तुम्हाला ते पद हवे होते ते कामासाठी नव्हेच.

याचे परिणाम तुमच्यापुरते राहत नाहीत. एप्रिल ते जून २०२५ या काळात प्रांताने टेम्स व्हॅली, टोरांटोचे सार्वजनिक आणि कॅथलिक मंडळ, ओटावा-कार्लटन आणि डफरिन-पील कॅथलिक अशा पाच मंडळांवर पर्यवेक्षक नेमले आणि तेथील ट्रस्टींचे अधिकार गोठवले. शिक्षणमंत्री पॉल कॅलांड्रा यांनी ट्रस्टी हे पद असावेच का, असा प्रश्न उघडपणे उपस्थित केला, आणि त्यानंतर मंत्रालयाचा मंडळांवरचा ताबा वाढवणारा कायदाही झाला. हे मला मान्य नाही. पालकाला नावाने ओळखून जाब विचारता येईल, असा शिक्षणव्यवस्थेतला तो एकच निवडून दिलेला माणूस असतो, आणि त्याच्या जागी टोरांटोत बसलेला नेमलेला अधिकारी आला, तर आमच्या बसथांब्याची चौकशी कोण करणार? पण हे पद वाचवा, असे शेजाऱ्यांना सांगायला गेलो की ते तुमच्याकडे बोट दाखवतात, आणि मला पुढे बोलता येत नाही. मंत्र्याला जी सबब हवी होती, ती तुम्ही काळ्या चौकोनात बसून पुरवलीत.

आणि आपल्या लोकांनाही सांगतो. नगरपालिकेच्या मतपत्रिकेवर महापौराच्या आणि नगरसेवकाच्या नावापुढे खूण करायची आणि ट्रस्टीचा रकाना कोरा सोडायचा, किंवा आडनाव ओळखीचे वाटले म्हणून कोणालाही मत द्यायचे, हे आपण २०२२ साली केले. मुलाच्या शिकवणीला आणि गणिताच्या स्पर्धेला शंभर डॉलर मोजताना जी चौकशी आपण करतो, तिचा दहावा हिस्साही त्या उमेदवाराची केली नाही. त्याचे मंडळातले मत कोणत्या बाजूने पडते, हे इतिवृत्तात लिहिलेले असते, ते कोणालाही वाचता येते, आणि आपण ते वाचले नाही. आता तोच माणूस वरच्या पायरीसाठी दारात आला आहे, तर त्याच्या लॉन साइनला अंगणात जागा देण्याआधी हद्दींवर मत कसे दिले, एवढे तरी विचारा. त्याने पुन्हा छातीवर हात ठेवला, तर दार लावून घ्या. आणि आपल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीने त्याला पुढच्या कार्यक्रमालाही बोलावलेच, तर शाल अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने घालावी आणि टाळ्याही स्वतःच वाजवाव्यात, मी आणि हायवेपलीकडे पाठवलेल्या मुलांचे आई-बाप त्या दिवशी येणार नाही.